शालेय मंत्रिमंडळ

शालेय मंत्रिमंडळ : प्राथमिक शाळेतील मुलांनी आपल्यामधून निवडलेले आणि शाळेची रोजची कामे वाटून घेऊन पार पाडणारे प्रतिनिधिमंडळ. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकांच्या व खाजगी प्राथमिक शाळांत ते रूढ आहे. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री आणि शिक्षण, आरोग्य, स्वच्छता, क्रीडा, सांस्कृतिक, पर्यावरण, पोषण आहार ही खाती सर्वपरिचित आहेत. वर्गनायक किंवा मॉनिटर हे पद याहून जुने व एका वर्गापुरते असते. बालसंसद ही संज्ञा कोठे याच अर्थाने, तर कोठे सर्व मुलांच्या सभेसाठी वापरतात.

उगम : या प्रथेत दोन निराळे प्रवाह मिसळले आहेत. एक, विद्यार्थ्यावर विद्यार्थी नेमण्याचा. दुसरा, मुलांच्या स्वशासनाचा. पहिल्याचे मूळ वादग्रस्त आहे. इंग्रजी शिक्षणेतिहासात त्याचे श्रेय स्कॉटिश धर्मोपदेशक अँड्र्यू बेल व इंग्रज शिक्षक जोसेफ लँकेस्टर यांना दिले जाते आणि आधी कोण, हा वाद त्यांच्या हयातीतच पेटला होता. बेल १७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातील लष्करी अनाथ मुलग्यांच्या शाळेचे अधीक्षक झाले. तेथील देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. ती रीत आपल्या शाळेत चालवायला शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्यांनी जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलाकडे अक्षरओळखीचा वर्ग सोपवला. या प्रयोगाचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. लँकेस्टर यांची शाळा १७९८ च्या सुमाराची. म्हणजे छापील पुराव्याच्या कसोटीवर बेल आधीचे ठरतात. मात्र हजेरी, पाट्या, लेखण्या अशा एकेका कामाला वेगळा मॉनिटर नेमून शेकडो मुलांची शाळा एका शिक्षकावर चालवण्याची बांधीव व्यवस्था लँकेस्टर यांची.

बेल यांनी उचलली ती इथल्या पंतोजींच्या शाळेतील जुनीच रीत होती, असे भारतीय अभ्यासकांचे म्हणणे. त्यासाठी दोन पुरावे पुढे केले जातात. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६२३ मध्ये कर्नाटकातील इक्केरीच्या वाटेवर काही मुले शिक्षकावाचून एकत्र बसून, सुरात पाठ म्हणत, वाळूत अंक लिहिताना पाहिली. तर बळ्ळारीचे कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल यांनी १८२३ च्या अहवालात, पुढे गेलेल्या मुलांकडून मागच्यांना शिकवण्याची देशी शाळांतील पद्धत वाखाणण्याजोगी असून इंग्लंडने केलेले तिचे अनुकरण योग्यच आहे, असे नोंदवले. पहिला पुरावा बेल यांच्या आधीचा आहे, पण त्यातून मुले एकमेकांकडून शिकत एवढेच दिसते. एकावर दुसरा नेमला होता असे नाही. दुसरा नेमका मुद्द्याचा आहे, पण बेल यांच्यानंतरचा. दोन्ही एकत्र वाचता मोठ्याने लहानाला शिकवण्याची रीत देशी आणि पदांची उतरंड बेल-लँकेस्टर यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मुंबई इलाख्यात १८२२ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने लँकेस्टर पद्धत स्वीकारली. आपल्याकडचा मॉनिटर बहुधा या मार्गाने आला असावा.

स्वशासनाचा प्रवाह वेगळा. सोळाव्या शतकात सायलीशियातील (आजच्या पोलंडमधील) गोल्डबर्ग येथे तेथील शाळेचे प्रमुख व्हॅलेंटिन ट्रोट्झेनडॉर्फ यांनी रोमन धर्तीवर विद्यार्थ्यांचे सिनेट व न्यायालय चालवले. पोलंडमधील वॉर्सा येथे डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांच्या १९१२ पासूनच्या अनाथगृहात मुलांचे न्यायालय होते. त्याच्या संहितेतील पहिली ९९ कलमे आरोप सोडून देण्याची वा क्षमेची होती, ही गोष्ट आजच्या शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. राजस्थानात तिलोनिया येथील रात्रशाळांत १९९३ पासून बालसंसद चालत आली. ‘मुख्यमंत्री’ आदी पदनावांसह असलेले महाराष्ट्रातील मंत्रिमंडळ १९५० नंतरचे असावे. मंत्रिमंडळाला नाव दुसऱ्या प्रवाहाचे मिळाले, पण प्रत्यक्ष काम अनेक शाळांत पहिल्याचे, म्हणजे देखरेखीचे, राहिले. पुढे येणारे बहुतेक दोष यातूनच निघतात.

निवड : शाळा उघडताच निवडणूक घेतली तर मुले फक्त ओळखीच्या नावाला मत देतात. पट स्थिरावून नवी मुले रुळेपर्यंत महिनाभर जाऊ द्यावा आणि त्या काळात सर्वांना पाळीपाळीने कामे द्यावीत, म्हणजे कोण काय करतो हे मतदारांनी पाहिलेले असते. उमेदवाराला सूचक व अनुमोदक असावा. भाषण दोन मिनिटांचे. त्यात ‘मी कोणते एक काम करीन’ एवढेच सांगायचे. पहिली-दुसरीच्या मुलांना नावे वाचता येत नाहीत, म्हणून मतपत्रिकेवर छत्री, चेंडू, पतंग अशी चिन्हे हवीत.

मतदान केंद्रावर तीन मुले पुरतात: एक हजेरीपटावर नाव तपासतो, दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, तिसरा मतपत्रिका व शिक्का देतो. उमेदवार एकाखाली एक छापलेले असतील तर पत्रिका आधी उभी घडी घालून मिटवावी. आडवी घडी घातल्यास शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या उमेदवाराच्या चिन्हावर उमटते, आणि मोजणीत चांगले मत बाद ठरवण्यावरून रडारड होते. मोजणी सर्वांसमोर, दहा-दहांच्या गठ्ठ्यांनी. समान मते पडल्यास चिठ्ठी.

अलीकडे मोबाइलवरील मतदानयंत्राचे ॲप वापरतात. मुलांना यंत्राचा अनुभव मिळतो, पण मोबाइल शिक्षकाच्या हातात राहिला तर गुप्तता उरत नाही. लहान मूल बटण दाबण्याआधी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहते. मोबाइल टेबलावर, खोक्याच्या आडोशाला ठेवावा आणि शिक्षकाने दाराशी थांबावे.

पदे व प्रशिक्षण : खाते वाटताना मिळालेल्या मतांपेक्षा आवड पाहावी. प्रत्येक मंत्र्याला एक कामपत्र द्यावे: काय, केव्हा, कशाने, आणि अडले तर कोणाला सांगायचे. उदाहरणार्थ, आरोग्यमंत्र्याने मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटे आधी नळाला पाणी व प्रत्येक नळाशी साबण आहे का ते पाहायचे, संपला असेल तर ठरलेल्या कपाटातून आणून नोंदवहीत तारीख लिहायची. पोषण आहाराच्या मंत्र्याने पंगत बसवणे व ताटे वाटणे एवढेच करावे; गरम पातेली उचलणे आणि अन्न आधी चाखून पाहणे ही मोठ्यांची कामे आहेत. पहिला आठवडा शिक्षकाने सोबत काम करावे, दुसरा नुसते पाहावे, नंतर नोंदवही तपासावी. उपमंत्री म्हणून खालच्या इयत्तेतील मूल जोडले की पुढच्या वर्षी काम नव्याने शिकवावे लागत नाही.

सभा शनिवारी, वीस मिनिटे. इतिवृत्ताच्या वहीत चार रकाने पुरतात: प्रश्न, कोणाला सांगितला, तारीख, काय झाले. सारे मंत्रिमंडळ या चौथ्या रकान्यावर उभे असते. मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी मोडली आहे, असे तीन सभांत लिहून तो रकाना रिकामाच राहिला, तर चौथ्या सभेत कोणी तोंड उघडत नाही. काम होणार नसेल तर ‘नाही’ हे उत्तर कारणासह द्यावे; शाळेच्या हाताबाहेरचे असेल तर मुख्याध्यापकांनी ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे आणि तिथे काय झाले ते मुलांना सांगावे.

दोष : सर्वांत रुळलेला व सर्वांत घातक म्हणजे शिक्षक बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायला मंत्र्याला उभे करणे. नाव लिहिले गेले तर त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. म्हणून मित्राचे नाव पुसले जाते, न आवडणाऱ्याच्या नावापुढे फुल्या वाढतात, खोडरबर-पेन्सिलीची देवघेव सुरू होते. आणि पद संपल्यावर ते मूल एकटे पडते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध आहे. शिक्षकाला जे करता येत नाही ते मुलाकडून करून घेता येत नाही. त्याच कायद्याचे कलम २९ मूल भयमुक्त असावे व त्याला मत मोकळेपणाने मांडता यावे, असे सांगते. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद १२ चा आशयही हाच आहे.

मुख्यमंत्री मुलगा व उपमुख्यमंत्री मुलगी, क्रीडा मुलांकडे व झाडलोट मुलींकडे, ही वाटणी कोणी न ठरवता होते. ती मोडायची तर सत्रागणिक आलटून-पालटून पदे ठरवावी लागतात. झाडू व स्वच्छतागृहाचे काम ठराविक वस्तीतील मुलांकडे जात नाही ना, हे शिक्षकाने नावांची यादी समोर घेऊन तपासावे. नुसत्या अंदाजाने ते कळत नाही. पूर्ण वर्षाऐवजी दिवाळीपर्यंत एक व नंतर एक अशी दोन सत्रांची मुदत ठेवल्यास दुप्पट मुलांना संधी मिळते आणि चुकलेली निवड वर्षभर सोसावी लागत नाही.

वीस पटाच्या द्विशिक्षकी शाळेत दहा खात्यांचे मंत्रिमंडळ केले तर निम्मी शाळा मंत्री होते आणि उरलेली निम्मी नाराज. तेथे निवडणूक सरावापुरती घेऊन, मोठी-लहान मुले एकत्र असलेले चार गट करावेत, कामे दर पंधरवड्याला फिरवावीत आणि शनिवारची सभा सर्व मुलांची घ्यावी.