‘डब्ल्यू’ लिहिताच फाइल रिकामी का होते?

काही वर्षांपूर्वी नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यासाठी मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत एक साधा प्रोग्रॅम लिहून दिला होता. पाळी संपली की मशीनवर घेतलेली मापे आणि ऑपरेटरचे नाव एका फाइलमध्ये जायचे. प्रोग्रॅम जुनी फाइल वाचायचा, तिला नवी ओळ जोडायचा आणि सगळा मजकूर एकदम परत लिहायचा. नावे इंग्रजीत टाइप होत होती तोवर कसलीही तक्रार आली नाही. मग एका रात्रपाळीला नव्या ऑपरेटरने आपले नाव देवनागरीत टाइप केले. सकाळी फाइल शून्य बाइटची होती. नवे नाव तर नव्हतेच, आधीच्या कित्येक महिन्यांची मापेही गेली होती.

चूक माझी होती, त्या मुलाची नव्हे. त्या विंडोज संगणकावर मजकुराचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, जुने, फक्त पाश्चिमात्य अक्षरांचे होते. देवनागरी अक्षर समोर येताच पायथनने एरर दिली आणि लिहिणे थांबवले. इथवर समजण्यासारखे आहे. पण लिहिले काहीच गेले नाही, तर जुने कुठे गेले? मी फाइल ‘डब्ल्यू’ मोडमध्ये, म्हणजे उघडताना ‘राइट’चे ‘w’ हे अक्षर देऊन, उघडली होती, आणि या मोडमध्ये फाइल पुसली जाते ती लिहिताना नव्हे, उघडतानाच. पहिले अक्षर लिहायच्या आधी जुना मजकूर संपलेला असतो. बहुतेकांना फाइलवर लिहायला शिकताना हेच अक्षर आधी भेटते, म्हणून ते असे का वागते हे मुळापासून पाहायला हवे.

त्यासाठी १९७१ सालच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत मागे जावे लागते. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या त्या प्रणालीत फाइलसाठी दोन वेगळे सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने प्रणालीला करायच्या विनंत्या, होत्या. ‘ओपन’ फक्त असलेली फाइल उघडायचा, वाचायला किंवा लिहायला. नवी फाइल हवी असेल तर ‘क्रिएट’ होता. त्याच्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ गाळलेला आहे. युनिक्स पुन्हा करायची झाली तर काय बदलाल, असे विचारल्यावर तो ‘ई’ परत घालीन, असे थॉम्प्सन यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. मला मात्र त्या ‘ई’पेक्षा त्या कॉलचे काम महत्त्वाचे वाटते. फाइल नसेल तर तो नवी बनवायचा. असेल तर तिचे मालक आणि परवानग्या तशाच ठेवून तिची लांबी शून्यावर आणायचा. ‘नवी करणे’ आणि ‘जुनी रिकामी करणे’ ही दोन कामे एकाच दारातून आत आली.

त्या काळी यात वावगे काही नव्हते. कंपायलर दरवेळी नवा प्रोग्रॅम बांधायचा, शेलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या जागी) एखाद्या आज्ञेचे उत्तर फाइलकडे वळवले की ते नव्याने लिहिले जायचे. जुने राखायची गरज अशा कामांत क्वचितच पडते.

१९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती आली. आज आपण ओळखतो ती सी भाषेची स्टँडर्ड इनपुट-आउटपुट लायब्ररी तिच्यासोबत लोकांपर्यंत पोहोचली. तिच्यातले ‘एफओपन’ हे फंक्शन अगदी मोजक्या ओळींचे आहे. ‘आर’ (रीड) म्हटले की वाचण्यासाठी ओपन. ‘डब्ल्यू’ म्हटले की थेट क्रिएट. ‘ए’ (अपेंड, म्हणजे शेवटी जोडणे) म्हटले की लिहिण्यासाठी ओपन, फाइल नसेल तर क्रिएट, आणि मग फाइलच्या शेवटी जाऊन थांबणे. ‘डब्ल्यू’चा सगळा स्वभाव या एका निर्णयातून आला आहे. १९८९ च्या सी मानकाने तोच वाक्यात बांधला: लांबी शून्य करा, किंवा नवी फाइल बनवा.

‘ए’ची गोष्ट वेगळी, आणि मला विशेष जवळची. नाशिकला गोदाकाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती लगेच कळेल. यजमानाच्या घराण्याची पाने निघतात, आजोबा-पणजोबांच्या नोंदी दिसतात, आणि नव्या पिढीची नोंद त्यांच्या पुढे होते. जुन्या ओळीवर कोणी लिहीत नाही. ‘ए’ मोडकडून हीच अपेक्षा असते. सातव्या आवृत्तीत ती पुरी होत नव्हती, कारण शेवटी जाणे हे काम फक्त एकदा, उघडताना व्हायचे. दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी फाइल उघडली तर दोघांचा ‘शेवट’ एकच, आणि एकाचे लिखाण दुसऱ्याच्या लिखाणावर चढायचे. पुढे युनिक्समध्ये ‘ओ-अपेंड’ ही खूण (फाइल उघडताना देण्याचा फ्लॅग) आली आणि युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स मानकात बसली. तिच्यामुळे प्रत्येक वेळी लिहिण्याआधी शेवट कुठे आहे हे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतः पाहतो. सी मानकही सांगते की ‘ए’ मोडमध्ये कर्सर मागे नेला तरी लिखाण शेवटीच जाईल. नेटवर्कवरून जोडलेल्या एनएफएस डिस्कवर मात्र अजूनही ही हमी मिळत नाही, लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये तसा स्पष्ट इशारा आहे.

अक्षरापुढे ‘प्लस’ लावले की वाचणे आणि लिहिणे दोन्ही करता येते; त्याबद्दल थोडक्यात. ‘आर-प्लस’ फाइल पुसत नाही, पण नसेल तर बनवतही नाही. ‘डब्ल्यू-प्लस’ आधी पुसतो, मग वाचू देतो, आणि तेव्हा वाचायला काही उरलेले नसते. ‘असेल तर हात लावू नको, नसेल तर बनव, आणि मला हवे तिथे लिहू दे’ या साध्या मागणीसाठी सीच्या अक्षरांत जागाच नाही. पीएचपी या भाषेने त्यासाठी ‘सी’ (c) या अक्षराचा मोड काढला. पायथनमध्ये आजही खालच्या पातळीवरच्या खुणा वापरूनच ते करावे लागते.

‘बी’ हे अक्षर दुसऱ्या घराण्यातले. सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइलची लांबी १२८ बाइटच्या तुकड्यांत मोजली जायची, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे दाखवायला ‘कंट्रोल-झेड’ म्हणजे २६ क्रमांकाचा बाइट टाकत. ओळीच्या शेवटी दोन बाइट असत, १३ आणि १०. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीने हे दोन्ही उचलले, विंडोजने दोन बाइटांची ओळ पुढे चालवली. युनिक्समध्ये ओळ फक्त १० ने संपते. म्हणून या प्रणालींवरच्या सी लायब्रऱ्या टेक्स्ट मोडमध्ये लिहिताना प्रत्येक १० च्या आधी गुपचूप १३ घालू लागल्या. मजकुराला ते चालते. द्राक्षाच्या घडाचा फोटो असा साठवला की तो उघडत नाही. १९८९ च्या मानकातला ‘बी’ म्हणजे ‘बाइट जसेच्या तसे ठेवा’.

आता ‘एक्स’. फाइल असेल तर उघडूच नको, ही गरज पहिल्यापासून होती, कारण दोन प्रोग्रॅमना एकाच नावाची फाइल चालत नाही. आधी ‘फाइल आहे का’ विचारून मग बनवायला गेले, तर मधल्या क्षणात दुसरा घुसतो. जुन्या युनिक्सच्या मॅन्युअलमध्ये यावर एक युक्ती दिली आहे: लिहायची परवानगीच नसलेली फाइल बनवा, म्हणजे दुसऱ्याचा ‘क्रिएट’ परवानगीअभावी फसेल आणि नाव अडकले आहे हे त्याला कळेल. मला ही युक्ती फार आवडते, पण यावरून सरळ रस्ता नव्हता हेही दिसते. पुढे ‘ओ-क्रिएट’ आणि ‘ओ-एक्सक्ल’ या खुणा जोडीने आल्या. सी मानकात मात्र ‘एक्स’ अक्षर आले ते २०११ साली, पायथनमध्ये ३.३ आवृत्तीत २०१२ साली, आणि सी++ मध्ये त्याच अर्थाची खूण सी++२३ मध्ये. पुसणारे अक्षर १९७९ पासून आहे, जपणारे तीन दशकांनी आले. इतकी वर्षे जे शिकले त्यांच्या हाताला ‘डब्ल्यू’ची सवय लागली. मीही त्यांतलाच.

पायथन २ पर्यंत हे मोड बहुतांशी सीच्या ‘एफओपन’कडेच जात होते. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने स्वतःची इनपुट-आउटपुट व्यवस्था उभारली. मजकूर आणि बाइट वेगळे झाले, टेक्स्ट मोडमध्ये एन्कोडिंग आले. पण एन्कोडिंग सांगितले नाही तर ते संगणकाच्या सेटिंगवरून ठरते, आणि सातपूरला नेमके तेच आडवे आले. ३.१० मध्ये याबद्दल इशारा मागून घेण्याची सोय झाली, आणि ३.१५ पासून देवनागरीही सामावणारे यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट असेल असे ठरले आहे. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांसाठी हा बदल मोठा आहे. ‘डब्ल्यू’ मात्र तेव्हाही उघडतानाच पुसेल.

कारखान्याचा प्रोग्रॅम मी बदलला. एन्कोडिंग आता यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहिलेले आहे. नवी पाळी ‘ए’ मोडने जोडली जाते. पूर्ण फाइल परत लिहायची वेळ आलीच तर मजकूर आधी शेजारच्या तात्पुरत्या फाइलमध्ये ‘एक्स’ने जातो आणि पूर्ण लिहून झाल्यावरच ‘रिप्लेस’ या फंक्शनने जुन्या नावावर बसतो. गेलेली मापे कागदी रजिस्टरवरून मी आणि त्या नव्या ऑपरेटरने परत भरली. पहिल्या ओळीत त्याने आपले नाव देवनागरीतच लिहिले.