पानाच्या पेशीत मुळाची जनुकं नसतात?

कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात एक समज जुना आहे: पानाच्या पेशीत पानाचीच जनुकं असतात, म्हणून टिश्यू कल्चरच्या (तुकड्यापासून बाटलीत वाढवलेल्या) रोपात ‘बाहेरची’ जनुकं घातलेली असणार. दोन्ही चूक.

शेंड्यातल्या कोवळ्या, गुंडाळलेल्या पानांची पातळ चकती निर्जंतुक बाटलीत ठेवतात. माध्यमात लिटरला ३० ग्रॅम साखर, क्षार आणि साधारण ३ मिलिग्रॅम टू-फोर-डी. हो, तणावर मारतो तेच! काही आठवड्यांत पेशी पानपण सोडतात, नुसता गोळा वाढतो. मग टू-फोर-डी काढून वनस्पतींची वाढसंप्रेरकं देतात: सायटोकायनिन दिलं की कोंब, ऑक्सिन दिलं की मुळं. बाहेरून एकही जनुक गेलेलं नसतं. कुठली वाचायची, तेवढं बदललं.

माणसातही तसंच. इन्सुलिनचं जनुक डोळ्याच्या पेशीतही असतं. पण तिथं डीएनए हिस्टोन प्रथिनांवर घट्ट गुंडाळलेला असतो आणि ते जनुक चालू करणारी प्रथिनं नसतात. प्रथिन बनवण्यासाठी लागणारी, जनुकाची आरएनए ही प्रतच निघत नाही, मग इन्सुलिन कुठून येणार? पेशी विभागली तरी कुठली जनुकं चालू, कुठली बंद याच्या बऱ्याच खुणा पुढे जातात, म्हणून यकृताची पेशी यकृताचीच राहते. पेशीत सगळी जनुकं असतात, याला अपवाद आहेत: माणसाच्या तांबड्या पेशी पक्व होताना केंद्रकच टाकतात.

गोळा टू-फोर-डीवर फार काळ ठेवला, तर मात्र गुणसूत्रांत खरेच बदल होतात आणि रोपं मूळ वाणासारखी निघत नाहीत. म्हणून विक्रीच्या रोपांसाठी बहुधा शेंड्याचा वाढबिंदूच घेतात.