फुकट लाईट, महाग डिझेल आणि मधला सौरपंप : बेळगाव सीमाभागातली पार्श्वभूमी

निपाणी, चिक्कोडी, अथणीकडे सौरपंपाचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला : लाईट फुकट आहे, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे. हिशेब तिथूनच सुरू होतो.

मोटेनंतर विहिरीवर ऑइल इंजिन आलं. ५ एचपीचं इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल पितं. डिझेलचा दर सरकार धरून होतं तोवर ते चालून जायचं. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी वाढू लागला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने हात काढून घेतला. त्याआधी, २००८ मध्ये, कर्नाटकाने १० एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत केली होती. ज्यांच्याकडे लाईन पोचली होती ते मोटरीवर गेले. इंजिन शेडमध्ये राहिलं, लाईट नसेल त्या दिवसापुरतं.

म्हणून सौरपंपाची खरी स्पर्धा विजेशी नाही, त्या उरलेल्या डिझेलच्या तासांशी आहे. डिझेल ९० रुपये लिटर आणि ५ एचपीचा संच तीन लाखांचा धरू. २०१९ च्या कुसुम या केंद्राच्या सौरपंप अनुदान योजनेत केंद्राचे ३० टक्के; कर्नाटकाने आपला वाटा ५० टक्क्यांवर नेल्यावर शेतकऱ्याकडे २० टक्के, म्हणजे ६० हजार राहतात. त्यात सुमारे ६७० तासांचं डिझेल येतं. वर्षाला २०० तास इंजिन चालवणाऱ्याचे पैसे साडेतीन वर्षांच्या आत फिटतात. ४० तास चालवणाऱ्याला सोळा-सतरा वर्षं लागतात. अनुदान नसेल तर २०० तासवाल्यालाही तेवढीच. एकाच गावात दोघं दोन उत्तरं देतात आणि दोघंही खरं बोलतात.

गोम पुढे आहे. मोफत विजेचे पैसे सरकार वीज कंपनीला, म्हणजे इकडे हेस्कॉमला, भरतं. मोटरवाला सौरवर गेला तर वाचलेल्या युनिटचा फायदा तिजोरीला, आणि पदरचे ६० हजार मात्र त्याचे. अनुदानाचा आकडा वाढत गेला तो यामुळे; त्याला उदारपणा म्हणायचं कारण नाही. लाईनपासून ५०० मीटरपलीकडच्या नव्या पंपांना सौरकडे वळवण्यामागेही खांब-ताराचा खर्चच आहे.

फुकट विजेलाही किंमत असते, फक्त ती बिलावर छापलेली नसते. मोटरीला लागणारी थ्री फेज वीज सात तास, त्यातले काही रात्रीचे. ऑटो स्विच लावलेला असल्याने लाईट आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात. व्होल्टेज खाली बसतं, मोटर करंट जास्त ओढते, वाइंडिंग तापून जळतं. रिवाइंडिंगचे पैसे आणि पाण्याविना गेलेले आठ दिवस धरले की ४० तासवाल्याचंही गणित हलतं. कुसुमच्या तिसऱ्या भागात फीडरलाच, म्हणजे सबस्टेशनवरून पंपांकडे येणाऱ्या लाईनलाच, सौरवीज जोडून दिवसा थ्री फेज द्यायची कल्पना आहे. ज्याच्याकडे चालती मोटर आहे त्याला आमच्या मते हाच मार्ग बरा. शेतात पॅनेल नको, देखभाल नको.

सीमेपलीकडे २०२४ पर्यंत शेतीपंपाला बिल यायचं, थकलेलं का होईना. त्या वर्षी महाराष्ट्रानेही साडेसात एचपीपर्यंत पाच वर्षांसाठी वीज माफ केली आणि सौरपंपात शेतकऱ्याचा वाटा १० टक्के ठेवला. दूधगंगेच्या दोन्ही काठांवर आता प्रश्न एकच झाला.

पंप बसवताना चुका होतात त्या बहुधा उसामुळे. ५ एचपीला ४८०० वॉटची पॅनेलं लागतात आणि ती एका माळेत जोडलेली असतात. दहा-बारा फुटी उसाची सावली खालच्या एका पॅनेलवर पडली तरी सगळ्या माळेचा जोर उतरतो. पाचट जाळलं की काजळी बसते ती वेगळीच. दुसरी चूक एचपी बघून पंप घेण्याची. पाणी उचलायची उंची दुप्पट झाली की तेवढ्याच पॅनेलवर पाणी जवळपास निम्मं येतं. म्हणून पातळी मोजायची ती एप्रिल-मेमधली, पावसाळ्यातली नव्हे.