भात खाणाऱ्याला कसलं ग्लूटेन?

‘आम्ही भातखाऊ कोकणी, सिलिॲक झाला तरी वेगळं पथ्य कशाला?’ रत्नागिरी-मालवणकडे हे सर्रास ऐकू येतं. सिलिॲक म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. भात, घावणे, नारळाचा रस, यांत ग्लूटेन नाही, खरंच. गडबड होते ती तळलेल्या सुरमईत. वरचा कुरकुरीत रवा म्हणजे गहूच की! वड्यांच्या पिठातही बऱ्याच घरी मूठभर गहू पडतात. डबीतल्या हिंगपुडीत तर अनेकदा मैदा असतो, आणि फोडणीत चिमूटभर टाकताना तो कुणाच्या ध्यानातही येत नाही. मासे तांदळाच्या पिठात घोळवा, पण रव्याचे मासे तळलेल्याच तेलात तळलेत तर काय उपयोग? पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ छापायचं तर किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा कमी लागतं. ‘एखादी चपाती चालते’ हेही खोटं. पोट दुखलं नाही तरी आतड्याला इजा होऊ शकते.