वजाबाकीत हरवणारा कल

दहावीचा निकाल जवळ आला की वडोदऱ्यात पालकांच्या हाती एक जाहिरात येऊ लागते. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे द्या, संगणक त्यांचे विश्लेषण करील आणि मूल जन्मतः डॉक्टर होण्यासाठी घडले आहे की चित्रकार होण्यासाठी, हे रंगीत आलेखांसह सांगेल, असा तिचा आशय असतो. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या सुशिक्षित मराठी घरांतही असे अहवाल जपून ठेवलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या आधारे पंधरा वर्षांच्या मुलांचे विषय ठरवले जातात याचे मला मनापासून दुःख होते.

या चाचणीच्या समर्थनार्थ सांगितले जाते की त्वचा आणि मेंदू गर्भातल्या एकाच बाह्य थरापासून तयार होतात, म्हणून बोटांवरच्या रेषांत मेंदूची रचना उमटते. यातला पहिला भाग खरा आहे. परंतु केस, नखे आणि दातांवरचे एनॅमलही त्याच थरापासून होतात, आणि दातांवरून कोणी व्यवसाय सुचवत नाही. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या साधारण दहाव्या ते सतराव्या आठवड्यांत घडतात. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 साली दाखवून दिले की रेषेच्या वाढीला चालना देणारे आणि तिला रोखणारे रासायनिक संदेश एकमेकांशी झुंजतात, त्यातून रेषांच्या लाटा बोटाच्या तीन ठिकाणांहून पसरतात आणि त्या जिथे जशा भेटतात तसा शंख किंवा चक्र तयार होते. काही जन्मजात आजारांत ठशांचे नमुने वेगळे आढळतात हेही खरे. पण त्यावरून निरोगी मुलाला गणित जमेल की संगीत, हे कळत नाही. ठशांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या फ्रान्सिस गाल्टनने विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंद व्यक्ती यांचे ठसे ताडून पाहिले होते आणि बुद्धीशी त्यांचा संबंध आढळत नसल्याचे 1892 सालीच नोंदवले होते. आपल्याकडे चक्रे मोजून भाग्य सांगण्याची जी रीत आहे, तिलाच संगणकाची जोड देऊन ही चाचणी विकली जाते आणि तिच्यावर खर्च केलेला प्रत्येक रुपया वाया जातो.

मात्र ठसे बाजूला ठेवले तरी मूळ अडचण संपत नाही. मानसशास्त्राच्या कसोट्यांवर नीट तयार केलेल्या अभियोग्यता चाचण्या (कोणत्या प्रकारच्या कामाची किती क्षमता आहे हे तपासणाऱ्या चाचण्या) उपलब्ध आहेत, त्या जाणकार समुपदेशक घेतात, आणि तरीही कितीतरी मुलामुलींना आपला नैसर्गिक कल नेमका कुठे आहे हे उलगडत नाही. याला बहुतेक लोक मुलाचा गोंधळ किंवा समुपदेशकाची उणीव मानतात. माझ्या मते यामागचे एक महत्त्वाचे कारण मोजमापाच्या गणितातच आहे, आणि ते समजून घेण्यासाठी थोडा धीर धरणे फार मोलाचे आहे.

चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1904 साली एक निरीक्षण मांडले, जे त्यानंतर असंख्य अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. बौद्धिक कामांच्या निरनिराळ्या चाचण्या एकाच गटाला दिल्या, तर एका चाचणीत पुढे असणारे विद्यार्थी सरासरीने इतर चाचण्यांतही पुढे असतात. ‘गणितात हुशार म्हणजे भाषेत कच्चा’ असा नियम गटाच्या पातळीवर दिसत नाही. उलट दोन्ही गुण बऱ्याच अंशी बरोबर वाढतात. एकूण कुवत अजमावण्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे. व्यवसाय निवडताना मात्र आपला प्रश्न वेगळा असतो: हे मूल इतरांपेक्षा किती पुढे आहे, यापेक्षा ते स्वतःच्याच कोणत्या बाजूने अधिक पुढे आहे, हे आपल्याला हवे असते. म्हणजेच एका गुणातून दुसरा वजा करावा लागतो, आणि सगळी गुंतागुंत या वजाबाकीत आहे.

समजा, हजार विद्यार्थ्यांनी गणिती क्षमतेची आणि भाषिक क्षमतेची अशा दोन चाचण्या दिल्या. प्रत्येक चाचणीत विद्यार्थ्यांचे गुण कमीजास्त येतील. या कमीजास्तपणाचा एकूण पसारा 100 भागांचा मानू. (संख्याशास्त्रात हा पसारा सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांवरून काढतात, म्हणून त्याच्या स्वतंत्र भागांची बेरीज करता येते.) यातले 60 भाग दोन्ही चाचण्यांना समाईक असलेल्या क्षमतेमुळे आले आहेत. 20 भाग त्या चाचणीच्या खास क्षमतेचे आहेत. उरलेले 20 भाग योगायोगाचे आहेत: आदल्या रात्रीची अपुरी झोप, अंदाजाने बरोबर आलेले उत्तर, नेमका सरावातला निघालेला प्रश्न. संख्याशास्त्रज्ञ अशा चाचणीची विश्वसनीयता (पसाऱ्यातला योगायोग सोडून उरणारा वाटा) 0.8 आणि दोन चाचण्यांमधला सहसंबंध (इथे समाईक भागाचा वाटा) 0.6 असल्याचे म्हणतील, आणि उपचाचण्यांसाठी, म्हणजे मोठ्या चाचणीतल्या अशा एकेका क्षमतेच्या भागासाठी, हे आकडे मुळीच वाईट नाहीत.

आता एका चाचणीतून दुसरी वजा करू. समाईक असलेले 60 भाग दोन्हीकडून निघून जातात, कारण जे दोघांत सारखेच आहे त्याचा फरकात काहीच वाटा राहत नाही. खास क्षमतेचे 20 आणि 20 असे 40 भाग उरतात. योगायोगाचे भाग मात्र एकमेकांना छेदत नाहीत, कारण गणिताच्या पेपरात अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तराचा भाषेच्या पेपरातल्या चुकलेल्या उत्तराशी काहीही संबंध नसतो. स्वतंत्र योगायोगांची वजाबाकी केली तरी त्यांचा पसारा बेरजेनेच वाढतो, म्हणून तेही 20 आणि 20 मिळून 40 भाग होतात. फरकाच्या एकूण 80 भागांपैकी 40 खरे आणि 40 योगायोगाचे ठरतात. ज्या दोन चाचण्या प्रत्येकी 0.8 इतक्या विश्वसनीय होत्या, त्यांच्यातल्या फरकाची विश्वसनीयता 0.5 वर येते. ट्रकचे चालकासह एकदा आणि चालकाविना एकदा वजन करून चालकाचे वजन काढावे, तसे हे आहे: ट्रकचे वजन बऱ्यापैकी अचूक कळते, पण काट्याची जी चूक ट्रकसाठी किरकोळ होती ती चालकाच्या वजनापुढे फार मोठी होते.

सरासरी 50 आणि प्रमाण विचलन (गुणांचे सरासरीपासूनचे ठरावीक अंतर, म्हणजे पसाऱ्याचे वर्गमूळ) 10 असलेल्या मापावर याचा अर्थ असा होतो की दोन गुणांमध्ये 12 पेक्षा (योगायोगाच्या 40 भागांच्या वर्गमुळाच्या साधारण दुपटीपेक्षा) अधिक अंतर पडल्याशिवाय ते केवळ योगायोगाचे नाही असे विश्वासाने म्हणता येत नाही. गणितात 62 आणि भाषेत 54 मिळवणाऱ्या मुलीला ‘तुझा कल अभियांत्रिकीकडे आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा तो 8 गुणांचा फरक पुढच्या महिन्यात उलटूही शकतो. आपल्या गृहीत आकड्यांनुसार 12 ची मर्यादा ओलांडणारी मुले साधारण सहांमागे एक एवढीच निघतील. शिवाय अहवालातल्या आलेखात दोनच नव्हे तर आठ-दहा क्षमतांचे स्तंभ असतात आणि त्यांतला सर्वांत उंच स्तंभ निवडला जातो. अनेकांमधून सर्वांत उंच निवडताना आपण खरी क्षमता निवडतो तसा अनुकूल योगायोगही निवडतो, आणि म्हणून पुन्हा चाचणी घेतली की तो स्तंभ बहुधा खाली येतो.

चाचण्यांचा अजिबात संबंध नसतानाही हीच वजाबाकी आपले मन करत असते. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी 1986 साली एका विसंगतीचे स्पष्टीकरण मांडले. विद्यार्थ्यांची गणितातली आणि भाषेतली प्रत्यक्ष कामगिरी एकमेकींशी चांगली निगडित असते. परंतु ‘मला गणित किती येते’ आणि ‘मला भाषा किती येते’ या विषयींच्या त्यांच्या स्वतःच्या समजुतींमध्ये जवळजवळ संबंध नसतो. विद्यार्थी स्वतःची तुलना वर्गाशी करतो, तशीच आपल्या एका विषयाची आपल्याच दुसऱ्या विषयाशी करतो. वर्गात पहिल्या पाचांत येणारी मुलगी ‘मला गणित जमत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणते, कारण तिची भाषा गणिताहून सरस असते. अशा मुलांना आईवडील आळशी किंवा न्यूनगंडाची शिकार समजतात, हे अन्यायाचे आहे.

म्हणून व्यक्तीच्या आतले फरक निरर्थक असतात, असे मात्र नाही. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅनली यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 1971 साली सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात बारा-तेरा वर्षांच्या हुशार मुलांना महाविद्यालयीन प्रवेशासाठी असलेली कठीण परीक्षा दिली गेली. वयाला साजेशा परीक्षेत ही सगळीच मुले माथ्याला टेकली असती आणि त्यांच्यातले फरक दिसलेच नसते. कठीण परीक्षेत ते उघडे पडले. सुमारे पंचवीस वर्षांनी पाहिले असता, गणिताकडे झुकलेल्यांची कामगिरी विज्ञान-तंत्रज्ञानात आणि भाषेकडे झुकलेल्यांची मानव्यविद्यांत अधिक दिसली. बोर्डाच्या परीक्षेत सर्व विषयांत नव्वदीपार गेलेल्या मुलाला ‘तू काहीही करू शकतोस’ असे सांगून आपण त्याची पंचाईत वाढवतो, याचे कारणही इथे आहे: त्या परीक्षेची उंचीच त्याचे फरक दाखवण्यास अपुरी आहे.

जे मोजलेच नाही ते सापडत नाही, ही अडचण आणखी वेगळी. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी 1921 साली कॅलिफोर्नियात असामान्य मुलांचा शोध सुरू केला. त्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीतून वगळल्या गेलेल्या मुलांपैकी विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे 1956 आणि 1968 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चाचणीत भाषेवर मोठा भर होता. आकृती मनात फिरवून पाहण्याच्या क्षमतेला तिथे फारसा वाव नव्हता. अमेरिकेत 1960 साली सुमारे चार लाख शालेय विद्यार्थ्यांच्या क्षमतांची तपासणी झाली होती. तिच्या 2009 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, आकृती मनात फिरवण्याची ही क्षमता पुढे विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे वळलेल्यांमध्ये ठळकपणे आढळली. आपल्या शाळांत ती क्वचितच तपासली जाते, आणि ज्या मुलाचा खरा गुण तोच आहे ते मूल प्रगतिपुस्तकात साधारणच दिसते.

योगायोगाचा वाटा कमी करण्याचा मार्ग त्याच गणितातून निघतो. प्रत्येक क्षमतेची चार स्वतंत्र मोजमापे घेऊन सरासरी काढली, तर योगायोगाचे 20 भाग 5 वर येतात; मग फरकात खरे 40 आणि योगायोगाचे फक्त 10 भाग उरतात, आणि विश्वसनीयता 0.5 वरून 0.8 वर जाते. ही मोजमापे कागदावरचीच असली पाहिजेत असे नाही. सुतारशाळेत काढलेले दिवस, नाटकाचे नेपथ्य, दुकानाचा वर्षभराचा हिशेब ही सगळी मोजमापेच आहेत. शिवाय आवडींची स्थिरता वयाच्या अठरा ते बावीस या काळात झपाट्याने वाढते, असे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या 2005 सालच्या एका अभ्यासातून दिसले आहे, तर आपल्याकडचे निर्णय त्याआधीच होऊन जातात.

तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली सुरू झालेल्या वडोदऱ्याच्या कलाभवन या शिक्षणसंस्थेत दादासाहेब फाळके शिकले. त्यानंतर त्यांनी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली, छापखाना चालवला, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली पडद्यावर आला तेव्हा ते 43 वर्षांचे होते. एका यशस्वी माणसाच्या चरित्रावरून नियम सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी छायाचित्रण, आरेखन आणि मुद्रण यांतले प्रत्येक काम त्यांच्या दृश्य जाणिवेचे आणखी एक मोजमाप होते, हे नाकारता येत नाही.

अभियोग्यता चाचणी घ्यायचीच असेल, तर पालकांनी समुपदेशकाकडे प्रत्येक उपचाचणीची विश्वसनीयता, उपचाचण्यांमधले सहसंबंध आणि किती गुणांचा फरक ग्राह्य धरावा याची मर्यादा मागावी. हे आकडे मिळाले नाहीत, तर अहवालातल्या एकूण पातळीकडे पाहावे आणि स्तंभांची आपसांतली उंची वाचू नये. गुजरात बोर्डात अकरावी विज्ञानाला जाणाऱ्या विद्यार्थ्याला गणिताचा ए ग्रुप, जीवशास्त्राचा बी ग्रुप किंवा दोन्ही विषयांचा एबी ग्रुप घेता येतो. फरक त्या मर्यादेच्या आत असेल आणि अभ्यासाचा भार झेपणारा असेल, तर एबी ग्रुप घेणे अधिक योग्य ठरते, कारण त्यातून दोन्ही विषयांचे आणखी दोन वर्षांचे मोजमाप हाती येते.