जवसाची वाणसुधारणा

दाण्याचे उत्पन्न वाढावे म्हणून जवसाच्या (अळशीच्या) झाडांची निवड व संकर करून नवे वाण तयार करण्याची पद्धती. सातारा व सांगली जिल्ह्यांत हे पीक मुख्यतः माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ व जत या पर्जन्यछायेतील तालुक्यांत, रब्बीत, बहुधा शाळू किंवा हरभऱ्यात ओळी टाकून घेतात. सलग पेरा क्वचितच आढळतो.

उगम : लायनम बायेन्नी ही वन्य जाती जवसाची पूर्वज असावी, याबद्दल आता फारसा वाद नाही. दोन्हींत 30 गुणसूत्रे असतात. लागवड कोठे व कशासाठी सुरू झाली, यावर मात्र एकमत नाही. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅव्हिलॉव्ह यांनी बारीक दाण्याचे प्रकार नैर्ऋत्य आशियातले व टपोऱ्या दाण्याचे भूमध्यसागरी प्रदेशातले मानून एकाहून अधिक केंद्रे सुचवली. भारतीय द्वीपकल्पातील जवसाचा दाणा टपोरा असतो, हे या विभागणीत नीट बसत नाही. 2005 मध्ये ॲलबी व सहकाऱ्यांनी तेलाशी निगडित एका जनुकाच्या अभ्यासावरून, लागवड एकदाच आणि धाग्याआधी तेलासाठी झाली, असे मांडले. हे मत अधिक ग्राह्य वाटते; तथापि ते एकाच जनुकावर उभे आहे. सिरियातील टेल रमाद येथे सापडलेले मोठे दाणे इ.स.पू. सातव्या सहस्रकाच्या सुमाराचे समजतात. आपल्या बाजूचा जुना पुरावा नर्मदाकाठच्या नावडातोली येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा आहे. तो साधारणपणे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील असावा.

भारतीय वाणांची पद्धतशीर वर्गवारी बिहारमधील पुसा येथे गॅब्रिएल हॉवर्ड व अब्दुर रहमान खान या वनस्पतिशास्त्रज्ञांनी केली (1924). गंगेच्या गाळाच्या जमिनीतील जवसाची मुळे उथळ पसरतात, द्वीपकल्पातील काळ्या जमिनीतल्या जवसाची खोल जातात, हा हॉवर्ड यांच्या कामातला महत्त्वाचा निष्कर्ष. माण-जतसारख्या भागात पीक जमिनीतल्या ओलीवरच निघते, त्यामुळे उत्तरेकडचा भरघोस वाण येथे तसाच चालेल असे धरता येत नाही.

उत्पन्नाचे घटक : झाडावरील बोंडांची संख्या, बोंडातील दाणे व हजार दाण्यांचे वजन. बोंडात पाच कप्पे व प्रत्येकात दोन बीजे, म्हणजे दहाच्या वर दाणे जात नाहीत. बाजारात टपोरा दाणा उठून दिसतो, पण उत्पन्नाशी घट्ट संबंध बोंडांच्या संख्येचा असतो. दाणा मोठा केला की बोंडे घटण्याकडे कल असतो. निवडीतली खरी अडचण हीच.

संकर : फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, पीक बव्हंशी स्वपरागित आहे. म्हणून आदल्या संध्याकाळी, पाकळीचा रंग नुकताच डोकावू लागलेली कळी धरून पाकळ्या उपटतात, चिमट्याने पाचही परागकोश काढतात व सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावतात. पांढऱ्या फुलाची मादी व निळ्या फुलाचा नर घेतल्यास पुढच्या पिढीतले निळे फूल संकर साधल्याची खूण ठरते. त्यानंतर काही पिढ्या वंशावळ ठेवून निवड करतात. नरवंध्यत्व (फुलात कामाचे पराग न तयार होणे) बेटसन व गेर्डनर यांनी 1921 मध्येच नोंदवले होते; पण अशा झाडांची फुले नीट उघडत नाहीत आणि हाताने पराग लावलेल्या एका फुलामागे दहाच दाणे मिळतात, त्यामुळे संकरित बियाणे परवडत नाही.

रोग व किडी : तांबेरा, मर व भुरी यांना प्रतिकार हा उत्पन्नाचाच भाग मानावा लागतो. महाबळेश्वरचे तांबेरा संशोधन केंद्र गव्हासाठी आहे. जवसाचा तांबेरा वेगळ्या बुरशीने होतो. ती आपले सगळे जीवनचक्र जवसावरच पुरे करते. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्लोर यांचा जनुकास-जनुक सिद्धांत (झाडातील प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत जुळणारे जनुक असते) याच रोगावरून मांडला गेला. कळीमाशीची अळी कळीतच बीजकोश खाते, मग बोंड धरत नाही. उशिरा पेरलेल्या शेतात ती जास्त; लवकर फुलणारा वाण तिला चुकवतो व अखेरच्या ओल-टंचाईतूनही सुटतो.

वाण : महाराष्ट्रात नागपूरचा एनएल-97 व लातूरचा लातूर-93 हे प्रसिद्ध आहेत. कमी लिनोलेनिक आम्लाचा (हे आम्ल तेल लवकर खवट करते) टीएल-99 तुर्भे (ट्रॉम्बे) येथे तयार झाला. शुद्ध वाणाचे घरचे बी पुढे पेरता येते, मात्र मळणीच्या खळ्यावर सरमिसळ टाळावी लागते.