न्यू एज, वाद्यसंगीत आणि वर्षअखेरची यादी : पार्श्वभूमी

डिसेंबर सरत आला की सांगली-मिरजेच्या कानसेनांमध्ये एक यादी फिरू लागते. इथल्याच एका समीक्षकाने वर्षभरात ऐकलेल्या न्यू एज (ध्यान-विश्रांतीसाठी ऐकले जाणारे संथ संगीत) आणि वाद्यसंगीताच्या अल्बमांतून निवडलेले आवडते अल्बम तिच्यात असतात. यंदा यादीच्या आधी वादच येऊन पोचला: मंत्रपठणाचे अल्बम तिच्यात घ्यायचे की नाहीत? हा वाद कृष्णेकाठी सुरू झालेला नाही. जून 2022 मध्ये अमेरिकेच्या ग्रॅमी पुरस्कारांनी आपल्या न्यू एज विभागाच्या नावात मंत्रपठण जोडायचे ठरवले, त्या निर्णयाने तो पेटला आणि त्याला खतपाणी त्याआधी 35 वर्षे मिळत होते.

जुना इतिहास थोडक्यातच. मिरजेत शिकलगारांनी तलवारींना धार लावायचे सोडून सतारी-तंबोरे करायला घेतले, ही कथा इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. 1937 मध्ये वारलेले किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत, तेही सांगायला नको. साताऱ्याकडे औंधला 1940 पासून संगीताचा उत्सव होतो. तो ज्यांनी पुढे जोपासला ते गजाननबुवा जोशी गवई होते, तसेच व्हायोलिनवादकही होते. त्यामुळे या पट्ट्यात गाणे आणि वाद्य यांच्यात फारशी भिंत नव्हती.

परदेशात याच काळात वेगळे काही घडत होते. 1964 साली एका अमेरिकन क्लॅरिनेटवादकाने टोकियोत कोतो (जपानी तंतुवाद्य) आणि शाकुहाची (बांबूची जपानी बासरी) वाजवणाऱ्यांना सोबत घेऊन ध्यानासाठी म्हणून संगीत ध्वनिमुद्रित केले. 1968 मध्ये दुसऱ्या एकाने ताजमहालाच्या घुमटाखाली उभे राहून एकट्याने बासरी वाजवली आणि ते मुद्रण अमेरिकेत चांगले खपले. 1970 मध्ये किराणा घराण्याचा एक गायक न्यूयॉर्कला पोचला. एकच सूर तासन्‌तास धरून ठेवणारे संगीत रचणारे तिथले काही संगीतकार तंबोरे घेऊन त्याच्या मागे बसू लागले. पुढे ज्याला अँबियंट (वातावरणासारखे भोवती पसरून राहणारे संथ संगीत) म्हटले गेले त्याच्या घडणीत या बैठकांचाही वाटा आहे आणि परदेशी इतिहासांत त्यांना मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

आपल्याकडचा 1967 चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ याच सुमाराचा. संतूर, बासरी आणि गिटार या तीन प्रमुख वाद्यांनी त्यात काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत उभा केला. तो घडवून आणणारा ध्वनिमुद्रिका कंपनीतला अधिकारी मराठी भावगीताचा जुना गायक होता. एका शब्दाविना गोष्ट सांगता येते हे त्याला पटले, ही मला आजही मोठी घटना वाटते. वाद्यसंगीताचा अल्बम म्हणजे निव्वळ रागांची जोडणी नव्हे, त्याला आरंभ-शेवट असलेला आराखडा असू शकतो, हे भारतीय श्रोत्याला त्या तबकडीने दाखवले.

‘न्यू एज’ हे नाव बहुतेक वादकांनी स्वतःला लावून घेतलेले नाही. कॅलिफोर्नियातल्या एका गिटारवादकाने 1976 मध्ये स्वतःची छोटी ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. 1980 मध्ये तिथूनच आलेल्या एकल पियानोच्या तबकडीने खपाची दारे उघडली. या तबकड्या जाझमध्ये ठेवायच्या, पाश्चात्त्य अभिजातमध्ये की आणखी कुठे, हा दुकानदारांचा प्रश्न होता. त्यांना कप्प्यासाठी पाटी हवी होती, ती मिळाली. 1987 मध्ये ग्रॅमी या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या संगीतपुरस्कारात त्याच पाटीचा विभाग सुरू झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या संगीतव्यापाराच्या साप्ताहिकाने खपाचा स्वतंत्र तक्ता छापायला घेतला.

पहिल्या चार वर्षांचे विजेते पाहिले की गोंधळ दिसतो. पहिल्या वर्षी विद्युत हार्प वाजवणारा स्विस कलाकार. दुसऱ्या वर्षी जाझमधला बुजुर्ग सॅक्सोफोनवादक. तिसऱ्या वर्षी सहा-सात वाद्ये घेऊन वाजवणारा गट. चौथ्या वर्षी तर चित्रपटाचे पार्श्वसंगीत, तेही रॉकमधल्या प्रसिद्ध गायकाचे. 1993 मध्ये आयर्लंडची एक गायिका जिंकली आणि नंतर आणखी तीनदा जिंकली. म्हणजे आवाजाला या विभागात मज्जाव कधीच नव्हता. मंत्रपठणाची बाजू घेणारे हाच दाखला देतात आणि तो खरा आहे. मात्र 2004 मध्ये याच विभागात एका जाझ गिटारवादकाचा घरी बसून, एकट्याने, एका बॅरिटोन गिटारवर केलेला अल्बमही जिंकला होता. गायिकेचा कोरस आणि एकटी गिटार, दोघांनाही त्या पाटीखाली उभे राहता येत होते.

आपल्याकडे हाच व्यवहार कॅसेटवाल्यांनी केला. 1995 मध्ये एका कंपनीने पंचमहाभूतांवर मालिका काढली. पाणी संतूरला दिले, वारा बासरीला. वादक तेच, राग तेच, मात्र वेष्टनावर रागाचे नाव मागे गेले आणि मनःशांती पुढे आली. सांगलीच्या कॅसेटच्या दुकानांत एकाच कलाकाराच्या कॅसेटी दोन फळ्यांवर दिसत, एक शास्त्रीयच्या, दुसरी ध्यान-योगाच्या. दुसऱ्या फळीवरून घेऊन गेलेला माणूस काही महिन्यांनी पहिल्या फळीशी आला, असे इथे पुष्कळांच्या बाबतीत घडले. त्या वेष्टनांवर नाक मुरडणाऱ्यांनी एवढे श्रेय त्यांना द्यावे.

2011 मध्ये ग्रॅमी देणाऱ्या अमेरिकन संस्थेने पुरस्कारांच्या विभागांची संख्या 109 वरून 78 वर आणली. पॉप आणि रॉकमधले एकेका रचनेच्या वाद्यवादनाचे स्वतंत्र विभाग त्यात गेले. वाद्य वाजवणाऱ्याला आता गायकांच्याच रांगेत उभे राहायचे होते. न्यू एज मात्र टिकले. त्यामुळे ज्यांच्या अल्बमांत शब्द नाहीत, जाझ नाही आणि पाश्चात्त्य अभिजातही नाही, अशा अनेकांना हा एक मोठा आसरा उरला. भारतातल्या वाचकाला हा विभाग नीट कळला तो 2015 मध्ये, बंगळुरूच्या संगीतकाराने दक्षिण आफ्रिकेच्या बासरीवादकाबरोबर केलेला अल्बम जिंकला तेव्हा. एप्रिल 2022 मध्ये तोच संगीतकार एका रॉक ड्रमवादकाच्या जोडीने पुन्हा जिंकला.

आणि दोन महिन्यांनी विभागाचे नाव बदलले. ‘न्यू एज, अँबियंट किंवा मंत्रपठण’ असे तीन जोडांचे नाव 2023 च्या सोहळ्यापासून लागू झाले.

बाजूने बोलणारे सांगतात की अँबियंट करणारे आणि कीर्तन-मंत्र गाणारे आधीपासूनच इथे अल्बम पाठवत होते. एका अमेरिकन कीर्तनकाराला 2013 च्या सोहळ्यात नामांकनही मिळाले होते. मग जे आहे ते पाटीवर लिहिले तर बिघडले काय? शिवाय न्यू एज म्हणवून घ्यायला लाजणाऱ्या तरुण कलाकारांना यामुळे दार उघडले.

हे वरवर रास्त वाटते. अडचण निवाड्याची आहे. अँबियंट ही रचनेची रीत आहे. 1978 च्या विमानतळासाठीच्या अल्बमात कमी-जास्त लांबीच्या टेपा गोल फिरत राहतात आणि सूर दर वेळी नव्या जागी एकमेकांना भेटतात, ऐकायचे ते हेच. मंत्राला शब्द असतात, अर्थ असतो, म्हणणाऱ्याची श्रद्धा असते. एकल पियानो किंवा बासरीच्या अल्बमात बोटे, श्वास आणि स्पर्श तोलायचा असतो. या तिघांना एका काट्यावर मोजणार कसे? ज्या अल्बमात आवाज आहे तो ऐकणाऱ्याला आधी धरतो, कारण माणसाच्या आवाजाकडे आपला कान आधी वळतो. नव्या नावाखालच्या पहिल्या तीन निकालांत तेच झाले. 2023 मध्ये गुरुमुखी मंत्र गाणारा गट, 2024 मध्ये गायकवृंद आणि तंतुवाद्यांचा चमू घेऊन केलेला अल्बम, 2025 मध्ये वैदिक मंत्रांना बासरी-चेलोची साथ असलेला ‘त्रिवेणी’. तिन्ही वेळा मानवी आवाज. ‘त्रिवेणी’चा आनंद इथेही झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्यातली बासरी आणि चेलो मंत्राच्या आधाराला आहेत. 2004 च्या त्या एकट्या गिटारला आज या विभागात कितपत वाव मिळाला असता, याची मला खरोखर काळजी वाटते.

याच्या अगदी उलट उदाहरण फेब्रुवारी 2024 चे. बँजो, तबला, डबल बास आणि बासरी या चौघांचा ‘ॲज वी स्पीक’ समकालीन वाद्यसंगीताच्या विभागात जिंकला. तबल्याचे उस्ताद त्या रात्री तीन पुरस्कार घेऊन गेले आणि त्याच वर्षी 15 डिसेंबरला आपल्यातून गेले. चौघांपैकी कोणीही साथीला नाही, चौघेही बोलतात. वाद्यसंगीताला स्वतःची जागा मिळाली की काय होते ते या अल्बमात ऐकावे.

स्ट्रीमिंगने प्रश्न आणखी चिघळवला. 30 सेकंद ऐकले की एक श्रवण मोजले जाते. त्यामुळे झोपेसाठीच्या, अभ्यासासाठीच्या यादीत दीड-दोन मिनिटांचे तुकडे ओतणे फायद्याचे झाले. पावसाचा आवाज आणि सतारीची आलापी एकाच यादीत, एकाच भावात. नोव्हेंबर 2023 मध्ये एका मोठ्या कंपनीने नियम बदलले: पाऊस-वाऱ्यासारख्या नुसत्या आवाजाच्या मुद्रणाला पैसे मिळायला ते किमान 2 मिनिटांचे हवे आणि कोणत्याही मुद्रणाला वर्षात किमान 1,000 श्रवणे हवीत. पहिल्या नियमाने भेसळ थोडी रोखली. दुसऱ्या नियमाचा फटका मात्र मिरजेत राहून स्वतःच्या खर्चाने अल्बम काढणाऱ्या सतारवादकालाच बसतो. विलंबित बढत करणाऱ्याचे, म्हणजे संथ लयीत राग हळूहळू उलगडणाऱ्याचे, श्रोते थोडे असतात आणि ते एकच मुद्रण पूर्ण ऐकतात, गणतीत मात्र ते एकच श्रवण धरले जाते.

मिरजेपुरता आणखी एक मुद्दा आहे, आणि समीक्षकांच्या निवडीत तो दरवर्षी अधिक ठळक होतो आहे. न्यू एजच्या अनेक अल्बमांखाली तंबोऱ्याचा नाद असतो. पण तो कोणी छेडला, तंबोरा कोणाच्या हातचा, हे श्रेयनामावलीत जवळजवळ कधीच नसते. पुष्कळदा तो विजेवर चालणाऱ्या तंबोरा-यंत्रातून किंवा फोनमधून आलेला असतो. सतारमेकर गल्लीत, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून, तारेखाली सुताचा धागा सरकवत जवारी (तारेचा झणकार) लावणाऱ्या कारागिराला विचारा: चार तारा छेडल्यावर न छेडलेला गंधार ऐकू येतो तो त्या घोडीच्या उताराने. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तो वाळवण्यात महिने जातात. यंत्रातला नाद दर आवर्तनाला तंतोतंत सारखा असतो, हाताने छेडलेला तसा नसतो आणि वीस मिनिटांच्या मुद्रणात कानाला तो फरक कळतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बाजारात मिरजेच्या नावावर काय विकता येईल हे त्याने ठरते. अल्बमवर मिरजेचे नाव छापायला ते कोणाला भाग पाडत नाही.

म्हणून यंदाच्या यादीचे दोन भाग केले आहेत. मंत्र आणि आवाज प्रधान असलेले अल्बम वेगळे, वाद्य प्रधान असलेले वेगळे. सुरावटीपुरता, शब्दांविना आवाज असेल तर तो दुसऱ्या भागात चालतो. यावर श्रोत्यांत एकमत नाही. दोन-तीन अल्बम कुठल्या भागात जावेत यावरून अजून भांडण चालू आहे. दुसऱ्या भागातल्या प्रत्येक नोंदीपुढे तंबोरा आहे का, असल्यास हातचा की यंत्राचा, आणि वाजवणाऱ्याचे नाव अल्बमवर छापले आहे का, हे समीक्षकाने पहिल्यांदाच लिहिले आहे.